बिजू पटनायक : वैमानिकाच्या पेशाची किंमत आणि मोल

महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून वैमानिक होणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न आजही अनेक कुटुंबांत चर्चिला जातो. १९३० च्या दशकात कटक येथील एका विद्यार्थ्याने हा निर्णय घेतला, त्या वेळी भारतात या पेशाला ना स्थैर्य होते, ना खात्रीचे उत्पन्न. पुढे ओडिशाचे दोन वेळा मुख्यमंत्री झालेले बिजयानंद ऊर्फ बिजू पटनायक यांची पहिली ओळख राजकारणी म्हणून नव्हे, तर वैमानिक म्हणून झाली. कोलकात्यात मुख्य ठाणे असलेली विमान कंपनी त्यांनी उभारली आणि फाळणीमुळे सियालदह स्थानकातून आसामकडे जाणारा लोहमार्ग खंडित झाला, त्या काळात ती चालविली. या पेशाने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय मागितले, याचा हा आढावा.

कटकचा विद्यार्थी

बिजू पटनायक यांचा जन्म ५ मार्च १९१६ रोजी कटक येथे झाला. त्यांचे मूळ घराणे गंजाम जिल्ह्यातील बेलागुंठा येथील. त्यांचे शिक्षण रेव्हेन्शॉ कॉलेजिएट स्कूलमध्ये आणि नंतर कटकच्याच रेव्हेन्शॉ महाविद्यालयात झाले. साहसाची ओढ त्यांना लहानपणापासून होती. तरुण वयात मित्रांसमवेत त्यांनी कटक ते पेशावर हा प्रवास सायकलीवरून केला होता.

रेव्हेन्शॉ महाविद्यालयात ते विज्ञान शाखेचे विद्यार्थी होते. त्या काळातील सुशिक्षित ओडिया कुटुंबातील मुलासमोर सरकारी नोकरी, वकिली किंवा अध्यापन हे सन्मानाचे मार्ग होते. पटनायक यांनी मात्र पदवीपूर्वीच महाविद्यालय सोडले आणि विमानचालनाच्या प्रशिक्षणासाठी ते दिल्ली फ्लाइंग क्लबमध्ये दाखल झाले.

हा निर्णय किती धाडसाचा होता, हे समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती पाहिली पाहिजे. भारतात फ्लाइंग क्लबची सुरुवात १९२८-२९ च्या सुमारास झाली. जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी. हौशी उड्डाणासाठी एक आणि व्यवसायासाठी दुसरा, असे परवान्याचे प्रकार होते. व्यावसायिक परवान्यासाठी उड्डाणाचे अधिक तास नोंदवावे लागत आणि प्रत्येक तासाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता. परवाना मिळाल्यानंतरही नोकऱ्या मोजक्याच होत्या. टाटांची हवाई टपाल सेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची-मुंबई मार्गावर सुरू झाली, तर इंडियन नॅशनल एअरवेज ही कंपनी १९३३ मध्ये उदयास आली. अशा दोन-तीन कंपन्यांत मिळून जेवढ्या जागा असतील, तेवढाच हा पेशा होता. प्रशिक्षणानंतर पटनायक इंडियन नॅशनल एअरवेजमध्ये वैमानिक म्हणून रुजू झाले.

सियालदहची गाडी आणि ढाक्याचे विमान

इंडियन नॅशनल एअरवेजने आपल्या पहिल्या सेवांपैकी दोन कोलकात्याहून सुरू केल्या. डिसेंबर १९३३ मध्ये कोलकाता-ढाका आणि कोलकाता-रंगून या मार्गांवर तिची विमाने जाऊ लागली. ढाक्याला विमानाची गरज का वाटावी, याचे उत्तर सियालदह स्थानकात होते.

सियालदह हे ईस्टर्न बंगाल रेल्वेचे कोलकात्यातील मुख्य स्थानक होते. ढाक्याला जाणारा प्रवासी येथून गाडीने पद्मा नदीच्या काठावरील ग्वालंदो घाटापर्यंत जाई. तेथे गाडी सोडून तो आगबोटीत बसे, नारायणगंजला उतरे आणि पुन्हा गाडी पकडून ढाक्याला पोहोचे. आसाम आणि उत्तर बंगालकडे जाणाऱ्या गाड्याही सियालदहहूनच सुटत. त्या राणाघाटमार्गे पद्मेवरील १९१५ साली बांधून झालेला हार्डिंज पूल ओलांडून सांताहार आणि पार्बतीपूरकडे जात. नद्यांनी चिरलेल्या या प्रदेशात गाडी आणि आगबोटीला जो वेळ लागे, तो विमान काही तासांवर आणत असे.

मात्र त्या काळातील वैमानिकाच्या हाती आजची साधने नव्हती. रडार नव्हते आणि हवामानाची माहिती अपुरी होती. नद्यांची वळणे आणि लोहमार्गांच्या रेषा पाहून दिशा ठरविली जाई. पावसाळ्यात ढग खाली उतरले की या खुणाही दिसेनाशा होत. पगार बरा असला, तरी अपघाताची शक्यता हा नोकरीचा भाग मानला जाई.

युद्धकाळ आणि तुरुंगवास

दुसऱ्या महायुद्धात विमान वाहतुकीचे स्वरूपच बदलले. १९४२ च्या आरंभी जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. रंगूनमध्ये अडकलेल्या ब्रिटिश कुटुंबांना बाहेर काढण्याच्या कामात पटनायक यांनी भाग घेतला. सरकारच्या दृष्टीने ते एक विश्वासू आणि निष्णात वैमानिक होते.

त्याच वेळी त्यांचे दुसरे कार्यही चालू होते. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात भूमिगत झालेल्या नेत्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी त्यांनी विमानाचा उपयोग केला. या संदर्भात जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहिया यांची नावे घेतली जातात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील भारतीय सैनिकांसाठी स्वातंत्र्यलढ्याची पत्रके विमानातून टाकल्याचेही त्यांच्या चरित्रात नमूद आहे. अखेर हे उघडकीस आले. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि सुमारे दोन वर्षे त्यांना तुरुंगात काढावी लागली. नोकरी संपली. पंजाबी कुटुंबातून आलेल्या त्यांच्या पत्नी ज्ञान यांच्यावर घराचा भार पडला. ज्ञान पटनायक यांनाही विमान चालविता येत असे. त्या काळातील भारतीय स्त्रियांत ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ होती.

पेशा म्हणून पाहिले, तर या टप्प्यावर पटनायक यांच्या हाती फारसे काही उरले नव्हते. पदवी नव्हती, नोकरी नव्हती आणि सरकारदरबारी नाव काळ्या यादीत होते. उरले होते ते फक्त विमान चालविण्याचे कौशल्य.

कलिंग एअरलाइन्सची स्थापना

युद्ध संपताच मित्रराष्ट्रांच्या सैन्याने भारतात मागे ठेवलेली शेकडो डाकोटा विमाने विक्रीस निघाली. दोन इंजिनांचे हे विमान दणकट होते. कच्च्या धावपट्टीवरही ते उतरू शके आणि वीस-पंचवीस प्रवासी किंवा सुमारे अडीच टन माल नेऊ शके. किमती कमी असल्यामुळे देशात अनेक नव्या विमान कंपन्या स्थापन झाल्या. पटनायक यांची कलिंग एअरलाइन्स त्यांपैकीच एक. ओडिशाच्या प्राचीन राज्याचे नाव धारण करणाऱ्या या कंपनीचे मुख्य ठाणे मात्र कोलकात्यात होते आणि तिची विमाने दमदम विमानतळावरून उडत.

ऑगस्ट १९४७ च्या फाळणीने कोलकात्याच्या विमान कंपन्यांना अकस्मात मोठे काम मिळवून दिले. सियालदहहून निघणाऱ्या आसामच्या मार्गाचा मोठा भाग पूर्व पाकिस्तानात गेला. काही गाड्या पुढेही धावत राहिल्या. पूर्व बंगालकडे जाणाऱ्या गाड्या तर १९६५ च्या युद्धापर्यंत चालू होत्या. परंतु भारताच्या एका भागातून दुसऱ्या भागात माल नेण्यासाठी परदेशातून जावे लागत असल्याने या मार्गाचा भरवसा उरला नाही. आसाम आणि त्रिपुरा उर्वरित देशापासून जवळजवळ तुटले. सियालदहच्या फलाटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे महिनोन् महिने मुक्काम करून होती.

किशनगंज ते फकिराग्राम असा सुमारे २२९ किलोमीटरचा आसाम जोडमार्ग भारताच्या हद्दीतून तातडीने बांधण्यात आला आणि जानेवारी १९५० मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला. तोवरच्या सुमारे अडीच वर्षांत दमदमहून उडणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या डाकोटा विमानांनी ही उणीव शक्य तेवढी भरून काढली. आसाम आणि त्रिपुरात औषधे, कापड, यंत्रांचे सुटे भाग जात, तर परतीच्या फेरीत चहा आणि प्रवासी येत. लहान धावपट्ट्या, मुसळधार पाऊस आणि जुनी विमाने अशा स्थितीत वैमानिकांना दिवसात अनेक फेऱ्या कराव्या लागत.

जावा बेटावरील उड्डाण

पटनायक यांच्या वैमानिक जीवनातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग जुलै १९४७ मधील आहे. इंडोनेशियाने १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले होते. परंतु डच सत्ता ते मानण्यास तयार नव्हती. २१ जुलै १९४७ रोजी डच फौजांनी जावा आणि सुमात्रा बेटांवर मोठी लष्करी कारवाई सुरू केली. इंडोनेशियाची बाजू जगासमोर मांडण्यासाठी माजी पंतप्रधान सुतान शहरीर यांना बाहेर काढणे आवश्यक होते. समुद्र आणि आकाश दोन्हींवर डचांचे नियंत्रण होते.

जवाहरलाल नेहरू यांच्या विनंतीवरून पटनायक यांनी हे काम स्वीकारले. ज्ञान पटनायकही त्यांच्यासमवेत गेल्या. त्या वेळी त्यांचा धाकटा मुलगा नवीन केवळ नऊ महिन्यांचा होता. विमान पाडले जाण्याचा धोका पत्करून त्यांचे डाकोटा जावा बेटावर उतरले, शहरीर यांना घेऊन २२ जुलै रोजी सिंगापूरला आणि २४ जुलै रोजी भारतात पोहोचले. तेथून शहरीर अमेरिकेला गेले आणि १४ ऑगस्ट १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली.

हा धोका कल्पनेतला नव्हता, हे आठवड्याभरातच सिद्ध झाले. पटनायक यांच्या मालकीचे, व्हीटी-सीएलए अशी नोंदणी असलेले आणखी एक डाकोटा सिंगापूरहून औषधे घेऊन २९ जुलै १९४७ रोजी योग्याकार्ता येथे निघाले होते. या उड्डाणाची पूर्वसूचना देण्यात आली होती. तरीही योग्याकार्ताजवळ डच लढाऊ विमानांनी त्यावर हल्ला केला. विमानातील नऊ जणांपैकी आठ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे सारथ्य ऑस्ट्रेलियन वैमानिक अलेक्झांडर नोएल कॉन्स्टंटाइन यांच्याकडे होते. मृतांत त्यांच्या पत्नी, ब्रिटिश सहवैमानिक रॉय हेझलहर्स्ट, भारतीय तंत्रज्ञ भिडा राम आणि इंडोनेशियाच्या बाल्यावस्थेतील हवाई दलाचे आदिसुचिप्तो व अब्दुलरहमान सालेह हे अधिकारी होते. इंडोनेशियाचे हवाई दल २९ जुलै हा दिवस स्मृतिदिन म्हणून पाळते आणि योग्याकार्ताच्या विमानतळाला पुढे आदिसुचिप्तो यांचे नाव देण्यात आले.

एकाच मालकाची दोन विमाने, एकाच आठवड्यात, एकाच आकाशात गेली. एक परतले आणि दुसरे परतले नाही. पटनायक यांना इंडोनेशियाने पुढे 'भूमिपुत्र' म्हणून गौरविले आणि १९९५ मध्ये आपला मोठा नागरी सन्मानही दिला. अध्यक्ष सुकर्णो यांच्या कन्येचे मेघावती हे नाव त्यांनीच सुचविले, असे सांगितले जाते. मात्र वैमानिकाच्या पेशाचा विचार करताना या गौरवाबरोबर कॉन्स्टंटाइन आणि भिडा राम यांचीही आठवण ठेवावी लागते.

श्रीनगरची मोहीम

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनच्या तुकड्या दिल्लीहून श्रीनगरला विमानाने उतरविण्यात आल्या. या मोहिमेसाठी हवाई दलाची विमाने पुरेशी नसल्याने खाजगी कंपन्यांची डाकोटा विमाने आणि वैमानिक यांची मदत घेण्यात आली. त्यांत पटनायक यांचाही सहभाग होता. श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिले विमान त्यांनीच उतरविले, असे लोकप्रिय लेखनात म्हटले जाते. परंतु हवाई दलाच्या इतिहासात हा मान १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर के. एल. भाटिया यांना दिलेला आहे. वाद बाजूला ठेवला, तरी धावपट्टी कोणाच्या ताब्यात आहे याची खात्री नसताना नागरी वैमानिक तेथे गेले, ही बाब निर्विवाद आहे.

राष्ट्रीयीकरणाचा निर्णय

विमान कंपन्यांचा हा बहर फार काळ टिकला नाही. कंपन्या जास्त होत्या, प्रवासी कमी होते आणि इंधनाचा खर्च वाढत होता. या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने १९५० मध्ये न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गरजेपेक्षा अधिक कंपन्या असल्याचे समितीला आढळले आणि तिने त्यांच्या एकत्रीकरणावर भर दिला. अखेर १९५३ मध्ये हवाई महामंडळ कायदा संमत झाला. १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. कलिंग एअरलाइन्स त्यांपैकी एक होती.

वैमानिकांना या निर्णयामुळे प्रथमच सरकारी महामंडळाची सुरक्षित नोकरी, निश्चित वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतनाची आशा मिळाली. पटनायक यांच्यासारख्या मालक-वैमानिकाची स्वायत्तता मात्र संपली. ईशान्य सीमा भागात विमानातून रसद टाकण्याचे काम कलिंगच्या नावाने पुढेही चालू राहिले आणि १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी तिची विमाने दुर्गम ठाण्यांना शिधा पोहोचवीत होती.

आकाशातून राजकारणात

तोवर पटनायक यांचे लक्ष उद्योगाकडे वळले होते. कटकजवळील चौद्वार येथे त्यांनी कलिंग ट्यूब्ज हा पोलादी नळ्यांचा कारखाना काढला. त्यांच्या देणगीतून विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक सुरू झाले. १९५२ मध्ये त्याचे पहिले मानकरी फ्रेंच पदार्थविज्ञ लुई द ब्रॉय्ली ठरले. विज्ञानाची पदवी सोडलेल्या माणसाच्या नावाशी जोडलेला हा सन्मान आहे.

जून १९६१ मध्ये ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. पारादीप बंदराच्या उभारणीला त्यांच्याच कारकिर्दीत गती मिळाली आणि ३ जानेवारी १९६२ रोजी नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. चीन युद्धानंतर कटकजवळील चारबाटिया येथे गुप्त हवाई तळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. कामराज योजनेनुसार ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांनी पद सोडले. आणीबाणीत त्यांना पुन्हा कारावास घडला. १९७७ मध्ये ते केंद्रात पोलाद आणि खाण खात्याचे मंत्री झाले आणि १९९० ते १९९५ या काळात दुसऱ्यांदा मुख्यमंत्री राहिले. १७ एप्रिल १९९७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. भुवनेश्वरच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पेशा निवडताना

बिजू पटनायक यांच्या आयुष्याकडे पाहून प्रत्येकाने महाविद्यालय सोडावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्याकडे असामान्य धैर्य होते आणि काळाची साथही होती. युद्ध झाले नसते, तर स्वस्त डाकोटा मिळाले नसते. फाळणी झाली नसती, तर आसामसाठी विमानाची एवढी गरज भासली नसती.

तरीही त्यांच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. या पेशातील उत्पन्न वैमानिकाच्या कर्तृत्वापेक्षा विमान कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून असते. १९५३ मध्ये हे दिसले, तसेच २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली तेव्हाही दिसले. २०२० च्या करोना साथीत अनेक वैमानिकांचे वेतन कमी झाले. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. त्यानंतर विशिष्ट प्रकारच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. हा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो. कर्ज काढून शिकणाऱ्या उमेदवाराला नोकरी केव्हा मिळेल याची हमी नसते आणि वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यास परवाना असूनही उड्डाण करता येत नाही. याउलट प्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला आहे आणि कॉकपिटमध्ये स्त्रियांचे प्रमाण भारतात जागतिक सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. ज्ञान पटनायक यांच्या काळात याची कल्पनाही करता आली नसती.

पटनायक यांची नोकरी गेली, तुरुंगवास घडला आणि कंपनीही सरकारकडे गेली. परंतु विमान चालविण्याची विद्या त्यांच्यापाशी राहिली आणि जेथे गाडी, रस्ता वा आगबोट पोहोचू शकत नव्हती, तेथे ती कामी आली. रंगून, योग्याकार्ता, श्रीनगर आणि आसाम यांत समान धागा हाच आहे. केवळ वेतनाच्या आकड्यावरून या पेशाचा हिशेब करणाऱ्याला तो तोट्याचा वाटू शकेल. ज्याला त्या कामाची गरज दिसते आणि धोक्याची किंमतही ठाऊक आहे, त्याच्यासाठी हिशेब वेगळा होतो.

कलिंग एअरलाइन्सचे व्हीटी-एयूआय हे डाकोटा विमान अनेक दशके कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात पडून होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे भाग सुटे करून ते मालमोटारींतून रस्त्याने भुवनेश्वरला नेण्यात आले आणि तेथे पुन्हा जोडण्यात आले.